खळगा ज्यांना खळगाच दिसतो

जत्रेत मिळतो तसला प्लास्टिकचा एखादा मुखवटा मिळवा. माणसाच्या चेहऱ्याचा हवा, वाघ-सिंह नको. आता तो उलटा करा, म्हणजे पोकळ बाजू तुमच्याकडे येईल. नाकाच्या जागी बोट जाईल एवढा खड्डा असेल. बोट घालून खात्री करून घ्या. मग घरातल्या कुणाला तरी तो सात-आठ फुटांवर धरायला सांगा आणि एक डोळा मिटून बघा.

खड्डा गेला! नाक पुढे आलं, गाल वर आले, हनुवटी तुमच्या दिशेनं निघाली. दोन पावलं बाजूला सरका. चेहरा जणू मान वळवून तुमच्याकडेच बघत राहतो. आता पुन्हा जवळ जाऊन बोट घाला, मागे या, बघा. पुन्हा फुगवटाच. समोर खळगा आहे हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे, बोटानं दोनदा साक्ष दिलीय, आणि तरीही डोळे ऐकायला तयार नाहीत. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ रिचर्ड ग्रेगरी हा खेळ चार्ली चॅप्लिनचा मुखवटा गोल फिरवून दाखवत असत. मुखवटा फिरत फिरत आतली बाजू पुढे आली की चॅप्लिनचा फुगीर चेहरा उलट्या दिशेनं फिरू लागल्यासारखा दिसतो. शेकडो वेळा पाहिलेल्या माणसाचीही यातून सुटका होत नाही.

पण काही माणसांची होते. स्किझोफ्रेनिया असलेल्या व्यक्तींना असा पोकळ चेहरा दाखवला, आणि विशेषतः त्यांचा आजार जोरात असला, तर त्यातल्या पुष्कळांना तो पोकळच दिसतो. म्हणजे जसा आहे तसा. या आजाराबद्दल आपण काय ऐकलेलं असतं? नसलेले आवाज ऐकू येतात, नसलेल्या गोष्टींवर विश्वास बसतो, वास्तवाशी नातं तुटतं. आणि इथे, या एका साध्या परीक्षेत, वास्तव त्यांना दिसतंय आणि फसलेले आपण आहोत. असं कसं?

उत्तर शोधायचं तर आधी आपण, म्हणजे ज्यांना आजार नाही असे लोक, कसे बघतो ते बघावं लागेल. आणि ती गोष्टही मुखवट्याइतकीच चकित करणारी आहे.

डोळ्याच्या मागच्या पडद्यावर, दृष्टिपटलावर, प्रकाश टिपणाऱ्या सुमारे १२ कोटी दंडपेशी आणि ६० लाख शंकुपेशी असतात. पण तिथून मेंदूकडे जाणाऱ्या चेतातंतूंची संख्या आहे साधारण १० लाख. डोळ्याला मिळालेल्या माहितीचा फार मोठा भाग मेंदूपर्यंत जसाच्या तसा पोचतच नाही! त्यातून बारीक आणि स्वच्छ दिसतं ते फक्त मधल्या एका चिमुकल्या भागात. हात लांब करून अंगठ्याचं नख बघा. एका वेळी जवळपास तेवढंच जग तुम्हाला खरोखर स्पष्ट दिसतं. बाकी सगळं धूसर. ते धूसरपण लपवण्यासाठी डोळे सेकंदाला तीनेक वेळा उडी मारतात, इकडून तिकडे, तिकडून पलीकडे.

मग जग हिंदकळत का नाही? आरशासमोर उभे राहा. आपल्याच डाव्या डोळ्याकडे बघा, मग उजव्याकडे, मग पुन्हा डाव्याकडे. डोळे हलताना दिसले? नाही दिसणार. शेजारी उभ्या असलेल्या माणसाला ते स्वच्छ दिसतात, तुम्हाला मात्र कधीच नाही. मेंदू डोळ्यांना उडी मारायचा हुकूम देतो, त्याच क्षणी त्या हुकमाची एक नक्कल आपल्याच दृष्टिकेंद्रांना धाडतो: आता चित्र हलणार आहे, ते मी हलवतोय, लक्ष देऊ नका. आणि तेवढा वेळ तो चित्र दाबून टाकतो. दिवसभरात अशा हजारो क्षणांना आपण आंधळे असतो आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो.

जर्मन शास्त्रज्ञ हर्मान फॉन हेल्महोल्ट्झ यांनी १९ व्या शतकातच ओळखलं होतं की बघणं म्हणजे नकळत केलेलं अनुमान आहे. दृष्टिपटलावर उमटतं ते सपाट, तुटपुंजं चित्र. त्यावरून बाहेर काय असेल हे मेंदू ताडतो. मुखवट्याचा खळगा आणि चेहऱ्याचा फुगवटा, दोघांचं सपाट चित्र जवळपास सारखंच पडतं; फरक एवढाच की छायेची दिशा उलटी दिसते. आता मेंदूनं काय ठरवावं? जन्मल्यापासून त्यानं लाखो वेळा चेहरे पाहिले आणि एकही आत दबलेला नव्हता. तेव्हा तो ठरवतो: चेहरा आहे ना, मग फुगीरच असणार, उजेडच खालून येत असेल. छायेचा पुरावा तो खुशाल बाजूला सारतो.

छापखान्याशी संबंध आलेल्या कुणालाही ही लबाडी ओळखीची वाटेल. स्वतः लिहिलेल्या मजकुराची मुद्रितं लेखकाला कधी तपासायला देऊ नयेत. काय लिहिलंय ते त्याला पाठ असतं, म्हणून कागदावर काय छापलंय ते त्याला दिसत नाही. गाळलेला काना तो मनानंच भरतो आणि पुढे जातो. तीच पानं तिऱ्हाइताकडे द्या, तो पटापट खुणा करतो. त्याला आशय पाठ नाही, म्हणून अक्षर दिसतं. पण याच तिऱ्हाइताला अंधुक छपाईचं फाटकं पान दिलं तर तो अडखळेल आणि लेखक सरसर वाचत जाईल. ही दुसरी बाजूही लक्षात ठेवा, पुढे लागेल.

२००९ मध्ये डॅनाई डिमा, जोनाथन रॉयझर आणि त्यांच्या हॅनोव्हर आणि लंडनमधल्या सहकाऱ्यांनी हा पोकळ चेहरा थेट मेंदूच्या स्कॅनरमध्ये नेला. १३ जण स्किझोफ्रेनियाचे रुग्ण, १६ निरोगी. यंत्रात पडल्या पडल्या त्यांना खोली जाणवेल असे चेहरे दाखवले, काही फुगीर, काही पोकळ. निरोगी लोक पोकळ चेहऱ्यांपुढे हमखास फसले. आणि फसताना त्यांच्या मेंदूत काय झालं? कपाळामागच्या आणि माथ्याजवळच्या वरिष्ठ केंद्रांकडून दृष्टीच्या केंद्रांकडे, म्हणजे वरून खाली जाणारा संदेश जोरकस झाला. जणू वरून दटावणी आली की तुला खळगा दिसत असेल, पण तो चेहरा आहे. रुग्णांच्या मेंदूत ही दटावणी बळावलीच नाही. खालून जो पुरावा आला तोच टिकला.

आणखी एक गंमत सांगायला हवी. हॅनोव्हरच्याच हिंडर्क एम्रिश यांच्या गटानं आधी दाखवलं होतं की निरोगी माणसालाही भांग-गांजातलं मुख्य द्रव्य दिलं, तर त्यालाही ती उलटी खोली थोडा काळ आहे तशी दिसू लागते. रात्रभर जागवलेल्यांच्या बाबतीतही तसं आढळलं. म्हणजे अनुमान आणि पुरावा यांचा हा तोल कुणाच्या मेंदूत दगडावर कोरलेला नाही. तो हलतो. आजार ओसरू लागलेल्या रुग्णांना मुखवटा पुन्हा फुगीर दिसू लागल्याचंही अमेरिकेतल्या अभ्यासात आढळलंय. बरं होण्याची एक खूण म्हणजे पुन्हा फसू लागणं!

मुखवट्यात तरी आठवणींचा, अनुभवाचा भाग आहे. पण ज्यात आठवणीचा काही संबंध नाही अशा अगदी प्राथमिक गोष्टीतही हाच फरक दिसला तर?

टीव्हीच्या सेटिंगमध्ये कॉन्ट्रास्ट असतो, काळ्या-पांढऱ्यातला उठाव कमी-जास्त करणारा. अशी एक चकती डोळ्यांसमोर आणा, करड्या ठिपक्यांची, मध्यम उठावाची. आता तिच्याभोवती भडक काळ्या आणि शुभ्र पांढऱ्या ठिपक्यांची चौकट ठेवा. चकती एकदम फिकी, उतरलेली दिसू लागते. चकतीत काहीच बदललेलं नाही, शेजार बदलला. दृष्टिकेंद्रातल्या पेशी आपल्या शेजारणींना सतत दाबत असतात, त्याचा हा परिणाम. हा दाब फार उपयोगाचा आहे. एकसारखा पसारा दबतो आणि वेगळं काही असेल ते उठून दिसतं: पानांच्या गर्दीतला सरडा, भिंतीतली भेग.

२००५ मध्ये लंडनमध्ये स्टीव्हन डेकिन, पॅट्रिशिया कार्लिन आणि डेव्हिड हेम्सली यांनी ही चकती दीर्घकाळ स्किझोफ्रेनिया असलेल्या १५ जणांना दाखवली. भडक शेजारातल्या चकतीचा खरा उठाव किती, एवढंच सांगायचं होतं. १५ पैकी १२ जणांनी निरोगी गटातल्या सगळ्यात अचूक माणसापेक्षाही अचूक उत्तरं दिली!

हे वाक्य मी प्रथम वाचलं तेव्हा थांबून पुन्हा वाचलं, आणि तुम्हीही वाचावं. आजारी माणसांच्या चाचण्यांत ते कमी पडले असं ऐकायची आपल्याला सवय असते. आणि त्यात एक खोट नेहमी असते: कमी पडले ते आजारामुळे, की औषधाच्या गुंगीमुळे, की कंटाळ्यामुळे, लक्ष नसल्यामुळे? पण कंटाळलेला माणूस चुकून सर्वांत अचूक उत्तर देत नाही. इथे काहीतरी खरंच वेगळं घडत होतं. शेजारचा दाब त्यांच्यावर फारच कमी पडत होता.

कुठलं रसायन कमी पडत असेल? मेंदूतल्या पेशींना आवर घालणारा मुख्य निरोप्या म्हणजे गाबा नावाचं द्रव्य. २०१० मध्ये कॅलिफोर्नियात जाँग यून आणि सहकाऱ्यांनी रुग्णांच्या दृष्टिकेंद्रातलं गाबा मोजलं. निरोग्यांपेक्षा ते सुमारे १० टक्क्यांनी कमी भरलं, आणि ज्याच्याकडे गाबा कमी, त्याच्यावर शेजाऱ्याचा दाबही कमी असा मेळही लागला. आपण ज्याला मनाचा आजार म्हणतो, त्याची एक खूण डोक्याच्या पार मागच्या बाजूला, निव्वळ उजेड-अंधाराचा हिशेब करणाऱ्या पेशींत सापडावी!

मग हे वरदान आहे का? मुळीच नाही. आता फाटक्या पानाची आठवण काढा.

जग हे फाटक्या पानासारखंच असतं. खिडकीच्या गजांआडून दिसणारी म्हैस आपल्याला चार तुकड्यांत दिसत नाही, एकच म्हैस दिसते, कारण मेंदू तुकडे जोडतो. स्टीव्हन सिल्व्हरस्टीन या अमेरिकी संशोधकाची परीक्षा नेमकी यासाठी आहे: पडद्यावर विखुरलेल्या बारीक रेघांच्या गर्दीत काही रेघा अशा मांडलेल्या की त्यांतून एक अंड्यासारखा आकार तयार होतो. तो शोधायचा. निरोगी माणसाला आकार आपोआप समोर येतो. रुग्णांना रेघा दिसतात, आकार निसटतो. १९६० च्या दशकात स्कॉटलंडमध्ये अँड्र्यू मॅकगी आणि जेम्स चॅपमन यांनी आजाराच्या सुरुवातीला असलेल्या रुग्णांशी सविस्तर बोलून नोंदी केल्या. त्यांत अशा तक्रारी येतात: रंग नको तितके भडक झालेत, सगळंच एकदम अंगावर येतं, समोरच्या वस्तूची जुळणी मुद्दाम, एकेक तुकडा घेऊन करावी लागते.

विचार करा, समोर बोलणाऱ्या माणसाचा चेहरा असा दिसत असेल तर? डोळे वेगळे, ओठ वेगळे, दात वेगळे. हसू येईपर्यंत ते हसू आहे हे कळायला उशीर. आणि उशीर खरोखरच होतो. एखादं अक्षर पडद्यावर क्षणभर दाखवून लगेच त्यावर दुसरी आकृती टाकली, तर आपल्यालाही अक्षर कळत नाही; दोहोंमध्ये थोडी उसंत लागते. रुग्णांना ती उसंत जास्त लागते. ही उसंत सेकंदाच्या काही शतांशांतली, पण माणसाच्या चेहऱ्यावरची शंका, चेष्टा, माया तेवढ्यातच येऊन जाते. शिवाय समोरचा माणूस नक्की कुठे बघतोय हे अस्पष्ट असेल, तेव्हा तो आपल्याकडेच बघतोय असं रुग्णांना जास्त वेळा वाटतं असंही काही अभ्यासांत आढळलंय. बसमध्ये, लग्नात, ऑफिसात, जिथे तिथे लोक आपल्याकडे टक लावून बघताहेत असं ज्याला डोळेच सांगतात, त्याला "तुझ्या मनाचे खेळ आहेत" म्हणून काय समजूत पटणार?

आता डोळ्यांच्या हालचालीकडे वळू, कारण या सगळ्या शोधाची सुरुवात तिथूनच झाली, आणि तीही केव्हा? १९०८ मध्ये! आणि त्यासाठी तुम्ही आणखी एक प्रयोग करा. समोरच्या कोऱ्या भिंतीवर नजर डावीकडून उजवीकडे सावकाश, सरळ सरकवत न्या. जमणार नाही. नजर टप्प्याटप्प्यानं उड्या मारते, कितीही प्रयत्न करा. आता आपलं बोट समोर धरून डावीकडून उजवीकडे न्या आणि नजर बोटावर ठेवा. लोण्यासारखी घसरत जाईल.

हे घसरणं कसं शक्य होतं? दृश्य डोळ्यात शिरून त्यावर हालचाल घडेपर्यंत साधारण एक दशांश सेकंद जातो. ताशी १४० किलोमीटरनं आलेला क्रिकेटचा चेंडू तेवढ्या वेळात जवळपास चार मीटर पुढे गेलेला असतो. जे दिसलं त्याच्या मागे लागायचं तर नजर कायम पिछाडीवर राहील. पण ती राहत नाही, कारण मेंदू वस्तू पुढच्या क्षणी कुठे असेल ते ताडून डोळ्यांना आधीच तिथे धाडतो. पुन्हा अनुमान!

१९०८ मध्ये अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात अॅलन डिफेनडॉर्फ हे मनोविकारतज्ज्ञ आणि रेमंड डॉज हे मानसशास्त्रज्ञ यांनी डोळ्यावर पडलेल्या प्रकाशाच्या कवडशाचं सरकत्या काचेवर छायाचित्र घेऊन नजरेचा माग काढला. ज्या आजाराला तेव्हा अकाली स्मृतिभ्रंश म्हणत आणि आपण आज स्किझोफ्रेनिया म्हणतो, त्याच्या रुग्णांची नजर झुलणाऱ्या लंबकामागे जाताना मागे पडत होती, अडखळत, उड्या मारत ती गाठत होती. हा शोध पुढे चक्क विसरला गेला. १९७३ मध्ये फिलिप होल्झमन यांनी तो पुन्हा वर काढला, आणि पुढच्याच वर्षी त्याहून विलक्षण गोष्ट दाखवली: रुग्णांच्या आजार नसलेल्या आई-वडील, भाऊ-बहिणींपैकीही अनेकांची नजर तशीच अडखळते. रक्तातून काहीतरी वाहत येतंय, ते कुणात आजार होऊन उगवतं, कुणात फक्त नजरेच्या बारीकशा ठेचेपुरतं राहतं. २०१२ मध्ये स्कॉटलंडच्या अॅबरडीन विद्यापीठात फिलिप बेन्सन आणि डेव्हिड सेंट क्लेअर यांनी नजर स्थिर ठेवणं, सरकत्या ठिपक्यामागे जाणं, साधी चित्रं बघणं अशा चाचण्यांवरून रुग्ण आणि निरोगी यांना सुमारे ९८ टक्के अचूकतेनं वेगळं काढलं. अर्थात, रुग्ण आणि निरोगी यांच्यात फरक करणं निराळं आणि समोर आलेल्या गोंधळलेल्या तरुणाला नेमका कुठला आजार आहे ते सांगणं निराळं. म्हणून डोळे बघून निदान करणारं यंत्र मानसोपचारतज्ज्ञाच्या टेबलावर अजून आलेलं नाही.

आरशासमोरचा हुकूम आणि त्याची नक्कल आठवते? ती नक्कलही या आजारात नीट पोचत नसावी असे पुरावे आहेत. त्यातला सगळ्यात गोड पुरावा गुदगुल्यांचा. स्वतःला गुदगुल्या करून बघा. होत नाहीत, कारण हात हलवतानाच मेंदू आपल्याच स्पर्शकेंद्रांना कळवतो की हे मीच करतोय. २००० मध्ये लंडनच्या सारा-जेन ब्लेकमोर, क्रिस फ्रिथ आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ज्यांना आवाज ऐकू येतात किंवा आपल्या कृती दुसरंच कुणी घडवतंय असं वाटतं, त्या रुग्णांना स्वतःचा स्पर्श परक्या स्पर्शाइतकाच तीव्र जाणवतो. आपल्या डोक्यातलं बोलणंसुद्धा परक्याचं वाटू लागेल, ही कल्पना मग इतकी दूरची वाटत नाही.

चौकस वाचक इथे अडवेल: अनुमान दुबळं असेल तर नसलेला आवाज ऐकू कसा येतो? तो तर अनुमानाचा अतिरेक झाला! अगदी बरोबर. येल विद्यापीठात २०१७ मध्ये याची परीक्षा झाली. एक चित्र आणि एक बारीक स्वर पुन्हा पुन्हा एकत्र दिले. मग स्वर गाळला, चित्र तेवढं ठेवलं. नसलेला स्वर कधीमधी सगळ्यांनाच ऐकू आला, पण ज्यांना एरवी आवाज ऐकू येतात त्यांना जवळपास पाचपट अधिक. तेव्हा मेंदूत अनुमानाचं एकच बटण नाही. एकीकडे ते ढिलं, दुसरीकडे अति घट्ट असू शकतं. माझ्या मते हा अजून न सुटलेला, आणि म्हणूनच सर्वांत सुंदर भाग आहे.

आणि मग येतं अंध व्यक्तींचं कोडं. जन्मतः अंध असलेल्या माणसाला स्किझोफ्रेनिया झाल्याची नोंद कुठे आहे? १९५० च्या सुमारास प्रथम कुणीतरी हा प्रश्न विचारला आणि तेव्हापासून संशोधक शोधताहेत. हातात आलेली थोडी उदाहरणं वादग्रस्त ठरली. मेंदूच्या दृष्टिकेंद्रालाच जन्मतः किंवा अगदी लहानपणी इजा होऊन आलेल्या अंधत्वात तर जवळजवळ शून्य. पश्चिम ऑस्ट्रेलियात १९८० ते २००१ या काळात जन्मलेल्या ४,६७,९४५ मुलांच्या नोंदी २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तपासल्या गेल्या. त्यांतल्या १,८७० जणांना पुढे स्किझोफ्रेनिया झाला. मेंदूमुळे अंध असलेली मुलं होती ६६; त्यांतल्या एकालाही नाही. इथे घाई मात्र नको. एकूण प्रमाण ०.४ टक्के, म्हणजे ६६ जणांत एक रुग्णही अपेक्षित नव्हता. केवळ हा शून्य फार काही सिद्ध करत नाही. पण दशकानुदशकं शोधूनही हात रिकामेच राहतात, हे वजनदार आहे. जन्मतः बहिरेपणानं असं संरक्षण मिळत नाही. मोठेपणी दृष्टी गेलेल्यांनाही नाही. पहिल्या दिवसापासून डोळ्यांच्या अंदाजावर न विसंबता उभा राहिलेला मेंदूच काय तो वाचत असावा. आवाजांचा म्हणून ओळखला जाणारा आजार, आणि त्याची एक किल्ली डोळ्यांत!

डोळे हा मुळात मेंदूचाच भाग आहे. गर्भात दृष्टिपटल मेंदूतूनच फुटून बाहेर येतं. मधुमेहींना डोळ्यांच्या दवाखान्यात ज्या ओसीटी यंत्रापुढे हनुवटी टेकून बसवतात, त्याच यंत्रानं पाहिलं तर स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांच्या गटात हे पटल सरासरीनं किंचित पातळ आढळतं. त्यात मधुमेह, धूम्रपान यांचा वाटा किती, हे वेगळं काढायचं काम चालू आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं जगात साधारण दर ३०० माणसांमागे एकाला हा आजार आहे. तुमच्या गल्लीत, तुमच्या नात्यात कुणीतरी असू शकतं. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या २००४ च्या 'देवराई' चित्रपटातला, अतुल कुलकर्णींनी उभा केलेला शेष पाहून मराठी घरांत पहिल्यांदा या आजाराबद्दल मोकळेपणानं बोलणं सुरू झालं असं सांगणारे अनेक भेटतात. त्या बोलण्यात डोळ्यांची भर घालायला हवी. कारण दिसण्यातले बदल पुष्कळदा आधी येतात. जर्मनीत कोलोनच्या तज्ज्ञांनी आजाराची शंका असलेल्या १६० जणांचा सरासरी ९.६ वर्षं पाठपुरावा केला. निम्म्यांना पुढे स्किझोफ्रेनिया झाला, आणि आधीच्या खुणांमध्ये दृष्टीतल्या अशा गडबडीही होत्या.

म्हणून एक विनंती. घरातला एखादा तरुण मुलगा किंवा मुलगी सांगू लागली की उजेड बोचतो, रंग अंगावर येतात, ओळखीचे चेहरे वेगळे दिसतात, लोक टक लावून बघतात, तर त्याला नाटक म्हणू नका आणि बाहेरची बाधा म्हणून अंगारे-धुपारे करत महिने घालवू नका. डोळे तपासा, मायग्रेनपासून नशेपर्यंत दुसरी कारणंही असू शकतात. पण त्यानं भागलं नाही तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. उपचार जितका लवकर, तितका बरा होण्याचा संभव मोठा. निदान झालेलं माणूस घरात असेल तर त्याच्याशी बोलताना समोर या, एका वेळी एकानंच बोला, टीव्ही बंद करा, आणि उत्तराला वेळ द्या. ती जादा उसंत त्याला खरोखर लागते. कुठे जावं सुचत नसेल तर सरकारच्या टेलि-मानस सेवेचा क्रमांक आहे १४४१६. दिवसरात्र चालू असतो, फुकट आहे, आणि मराठीत बोलता येतं.